दुसऱ्याचे ओले कपडे

मशीन थांबलंय, आत कुणाचे तरी कपडे आहेत, ती व्यक्ती कुठे दिसत नाही आणि तुम्ही आपली बादली घेऊन उभ्या. सामायिक वॉशिंग मशीन वापरणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ येतेच. पावडर कोणाची, नंबर कोणाचा, लाइटबिल कसं वाटायचं, हे सगळं बोलून सुटतं हो, मी सुटताना बघितलंय. पण दुसऱ्याच्या ओल्या कपड्यांना हात लावायचा की नाही, लावला तर ते काढून ठेवायचे कुठे, आणि नंतर त्या माणसाला सांगायचं काय, इथे भलेभले अडकतात. मशीनवरून झालेल्या जेवढ्या भांडणांत मला मध्ये पडावं लागलं ना, त्यातली बहुतेक इथूनच सुरू झालेली होती.

आमचं घर बडोद्याला, दांडिया बाजारच्या आतल्या गल्लीत, जुनं, लाकडी जिन्याचं. खाली आम्ही राहतो आणि वरच्या मजल्यावर मुली राहतात, पाच-सहा, दर जूनला एखाद-दोन जातात आणि तेवढ्याच नव्या येतात. कोणी एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकणारी, कोणी मकरपुऱ्याकडे कंपनीत नोकरी करणारी, एक हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. मराठी मुली मला काकू म्हणतात, गुजराती मुली मासी म्हणतात, बाकीच्या आंटी. मशीन वर, अगाशीच्या दाराजवळच्या पॅसेजमध्ये, एकच, आणि आमच्या घरचे कपडेही त्यातच धुतले जातात, म्हणजे मी काही वरून नियम सांगणारी नाही, मीही त्याच नंबरात उभी असते.

आधी आमच्याकडे सेमी-ऑटोमॅटिक होतं, दोन टबवालं. एका टबात धुवायचं, पाणी सोडायचं, परत भरायचं, मग कपडे हाताने उचलून शेजारच्या स्पिनच्या टबात कोंबायचे, वर ती जाळीची चकती दाबून बसवायची नाहीतर सगळं मशीन थडथड नाचायला लागायचं. कटकट होतीच. पण त्या मशीनला सोडून जाताच येत नसे, धुणारीला तिथेच स्टूल टाकून बसावं लागायचं, आणि त्यामुळे कोणाचे कपडे बेवारस पडून राहिलेत असं कधी झालं नाही. मग फ्रंट लोड घेतलं. कपडे टाकले, बटण दाबलं, गेली मुलगी कॉलेजला. आता कॉटनचा गरम पाण्याचा सायकल दोन तासांवर जातो, तेवढा वेळ कोण थांबणार, आणि थांबावं अशी अपेक्षाही मी करणार नाही. पण माणूस मशीनपासून लांब गेला तेव्हापासून हा प्रश्न आला, हे मात्र खरं.

तसं बघितलं तर अनेक घरांचे कपडे एकत्र धुतले जाणं आपल्याला काही नवीन नाही. धोबी तेच तर करायचा. माझ्या लहानपणी कपडे धोब्याकडे जायचे, आणि धोब्याने कॉलरच्या आत किंवा धोतराच्या कोपऱ्याला बिब्ब्याची खूण केलेली असायची, काळी, कितीही धुतली तरी न जाणारी. दोन रेघा आणि टिंब म्हणजे आम्ही, एक फुली म्हणजे शेजारचे. आमचे, शेजाऱ्यांचे, समोरच्या वैद्यांचे कपडे एकाच भट्टीत जायचे आणि कोणाला काही वाटायचं नाही, कारण मधे एक माणूस होता ज्याचं ते काम होतं. त्याने हात लावलेला चालायचा. शेजारणीने आपला परकर उचललेला चालला असता का? मुळीच नाही.

आणि घरात तर उलटंच होतं. आजीचं सोवळं माडीवर उंच दांडीवर वाळायचं, काठीने घालायचं, काठीनेच काढायचं, आम्हा मुलांना त्या खोलीत जायला बंदी. लहानपणी मला त्याचं फार अप्रूप वाटायचं. पुढे कळायला लागलं तेव्हा त्यातलं दुसरंही कळलं, की याच घरात पाळीच्या दिवसांत आईचे कपडे वेगळे पडायचे, वेगळ्या दगडावर धुवायचे आणि मागच्या अंधाऱ्या बोळात वाळायचे, जिथे दुपारी पण ऊन येत नसे. दुसऱ्याच्या कपड्याला न विचारता हात लावू नये ही रीत मला आजही पटते, अगदी मनापासून पटते, पण ती त्या माणसाच्या आदरापोटी पाळायची, विटाळाच्या भीतीपोटी नाही. वरच्या मजल्यावर नियम करायची वेळ आली तेव्हा हेच माझ्या डोक्यात पक्कं होतं.

तर मूळ प्रश्न. आम्ही काय ठरवलं ते सांगते. जिने कपडे लावले तिने आपली रिकामी बादली मशीनच्या पुढ्यात ठेवायची. बादली ठेवली म्हणजे तिने परवानगी दिली, की मशीन थांबल्यावर पंधरा मिनिटांत मी आले नाही तर माझे कपडे या बादलीत काढा. बादली नसेल तर हात लावायचा नाही, फोन करायचा, फोन लागला नाही तर मला हाक मारायची आणि मी काढीन. बास एवढंच. पण यात गंमत अशी झाली की परवानगी आधीच दिलेली असल्यामुळे काढणारीला अपराधी वाटत नाही आणि जिचे कपडे तिलाही वाईट वाटत नाही. आधी काय व्हायचं, की कोणीतरी वैतागून कपडे काढायची आणि मशीनच्या डोक्यावर ढीग करून ठेवायची, त्यातला एखादा मोजा खाली पडायचा, आणि मग संध्याकाळी दोन खोल्यांची दारं आपटायची.

दुसरी गोष्ट जाळीच्या पिशव्यांची. आतले कपडे जाळीच्या पिशवीत घालूनच मशीनमध्ये टाकायचे. याचं एक कारण मशीनवाल्याने दिलेलं, की ब्राची तार निघाली की ड्रमच्या भोकातून आत जाते आणि मग तो ड्रम खरडते, रिपेअरवाला आला की त्याचं पहिलं वाक्य तेच असतं. पण माझ्या दृष्टीने मोठं कारण वेगळं आहे. कपडे काढणारीच्या हातात पिशवी येते, आतलं काही येत नाही. साठ-सत्तर रुपयांची पिशवी आहे, प्रत्येक मुलीला खोली देताना किल्लीबरोबर मी ती देते, कारण विकत घ्या म्हटलं की राहून जातं. आणि हो, खिसे तपासायचे. सेफ्टी पिना, नाणी, टिकल्या, बसची तिकिटं, रुमालाच्या जागी ठेवलेला टिश्यू, जो सगळ्या काळ्या कपड्यांवर पांढरा भुगा होऊन चिकटतो आणि जिचा होता तिच्याच कपड्यांवर राहिला तर ठीक पण पुढच्या लोडवालीने काय करायचं!

मशीन थांबल्यावर दार लगेच उघडत नाही, हेही नवीन मुलीला सांगावं लागतं. मिनिट-दोन मिनिटांनी आतून टक आवाज येतो तेव्हा लॉक सुटतो, त्याआधी हँडल ओढायचं नाही. मध्येच लाइट गेली आणि आत पाणी असेल तर खाली कोपऱ्यात एक झडप असते, तिच्या आत बारीक नळी आणि फिल्टर, त्या नळीने आधी ताटलीत पाणी काढायचं आणि मगच फिल्टर फिरवायचा, नाहीतर पॅसेजभर पाणी. आणि पावडर कमी. आपल्याला फेस दिसला नाही की कपडे धुतले गेले असं वाटतच नाही, ती हाताने धुण्याची सवय आहे, पण फ्रंट लोडला जास्त फेस झाला की मशीन आपणहून जादा खळबळत बसतं, वेळ वाढतो, आणि साबण कपड्यांत तसाच राहतो, तो मग पुढच्या लोडमध्ये उतरतो. आमच्याकडे एका मुलीच्या अंगावर सारखी खाज यायची, तिने आपली पावडर बदलून बघितली, काही फरक नाही, आणि शेवटी लक्षात आलं की तिच्या आधीची मुलगी सुवासाचं लिक्विड भरभरून ओतते ते मशीनच्या साबणाच्या कप्प्यात साठून राहतं. कप्पा रोज धुवायचा हा नियम तेव्हापासून.

बडोद्याचं म्हणून एक वेगळं प्रकरण आहे, ते म्हणजे फाइन आर्ट्सच्या मुली. एम. एस.ची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० सालची, देशभरातून मुलं येतात, आणि आमच्याकडे जवळजवळ दरवर्षी एखादी असतेच. गुणी मुली असतात, पण कपडे म्हणाल तर रंग, शाई, माती. ॲक्रिलिक एकदा वाळलं की ते प्लॅस्टिकच होतं, निघत नाही, तो रंग ओला असतानाच गार पाण्याखाली धरायला हवा. वाळलेल्याची फार भीती नाही. पण स्कल्प्चरवाल्यांच्या कपड्यांवर प्लास्टर ऑफ पॅरिस असतं, ते मशीनमध्ये गेलं तर पंपात जाऊन तिथेच घट्ट बसेल, म्हणून ते कपडे आधी अगाशीवर झटकायचे, ब्रश मारायचा. आणि ऑइल पेंटिंगची फडकी तर मशीनमध्ये नाहीच, आणि त्यांचा बोळा करून कोपऱ्यातही टाकायचा नाही. त्या रंगातलं जवसाचं तेल हवेत वाळताना गरम होतं, आणि फडक्यांचा गोळा केलेला असेल तर ती उष्णता बाहेर पडत नाही, आपोआप पेट घेऊ शकतो. लाकडी घर आहे आमचं, मला हे कळलं त्या दिवशी मी वर जाऊन सगळ्या खोल्यांचे कोपरे बघून आले. आता ती फडकी पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवतात. हे मला पेंटिंग शिकणाऱ्या एका मुलीनेच समजावून सांगितलं, तिला वर्गात शिकवलेलं, आणि पत्र्याचा डबाही तिनेच आणला.

अजून एक मुलगी होती, क्लोदिंग अँड टेक्स्टाइल्स शिकणारी. तिच्याकडून आम्ही सगळ्या इतकं शिकलो. हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो ते बघून घाबरायचं नाही, साबणाच्या क्षाराने तसं होतं, पाण्याने धुतलं की परत पिवळा, आणि मग कडक उन्हात टाका, ऊनच त्याला उडवतं. नवीन बांधणी किंवा चणियाचोळीचा रंग जातो का ते बघायला पांढरं फडकं ओलं करून आतल्या शिवणीवर घासायचं, फडक्याला रंग आला तर तो कपडा सामायिक मशीनच्या वाऱ्यालाही नको, कारण तुमचा लोड संपला तरी मशीनच्या दाराच्या रबराच्या घडीत रंगाचं पाणी राहतं आणि पुढच्या मुलीचा पांढरा कुर्ता गुलाबी होतो. आणि रक्ताचा डाग गार पाण्याने. गरम पाणी लावलं की तो पक्का बसतो.

इथे मला थांबून बोलायचंय. एक मुलगी आमच्याकडे येण्याआधी दुसरीकडे कुठेतरी राहत होती आणि तिथे मशीनवर कागद लावलेला होता की डागवाले कपडे मशीनमध्ये टाकू नयेत. डागवाले म्हणजे कसले ते सगळ्यांना कळत होतं. मुली रात्री बारानंतर बाथरूममध्ये चादर धुवायच्या, पिळताना आवाज होऊ नये म्हणून नळ बारीक सोडून, आणि ओली चादर खोलीत पंख्याखाली वाळवायच्या. तिने हे अगदी सहज सांगितलं, त्यात विशेष काही नाही अशा सुरात, आणि मला आईचा तो मागचा बोळ आठवला. इतकी वर्षं मध्ये गेली! म्हणून आमच्याकडे चोकडीत, म्हणजे धुण्याच्या मोरीत, एक झाकणवाली बादली आहे, कोणाची म्हणून नाही, गार पाणी आणि थोडं मीठ घालून कोणीही काहीही भिजत टाकावं, झाकण लावलेलं असेल तर दुसरीने उघडून बघायचं नाही. भिजलं, खळबळलं, मग मशीनमध्ये, सगळ्यांसारखं.

तेच गजकर्णाचं. बडोद्याचा उकाडा, जुलैची दमट हवा, घट्ट जीन्स, दिवसभर स्कूटीवर, कोणालाही होतं. डॉक्टर सांगतात कपडे, टॉवेल वेगळे धुवा, गरम पाण्याने धुवा, उन्हात नीट वाळवा. आता ज्या मुलीला झालंय ती हे सगळ्यांना कशी सांगणार? सांगितलं तर बाकीच्या मशीन वापरायला कचरतील, नाही सांगितलं तर हिच्या मनाला खात राहील. म्हणून नियम असा की साठ अंशाचा सायकल कोणीही, कधीही, फक्त आपल्याच कपड्यांचा लावू शकतं आणि का लावला हे विचारायचं नाही. पाणी तापवायलाच सगळ्यात जास्त वीज लागते, साठचा एक लोड म्हणजे साधारण युनिटभर, गार पाण्याचा त्याच्या काही हिश्शानेच, त्यामुळे सुरुवातीला एकीने सुचवलं की गरमवाल्यांनी जास्त पैसे द्यावेत. हिशोबाने तिचं बरोबर होतं. पण वहीत लिहायचं म्हटलं की कोण किती वेळा गरम लावतं ते सगळ्यांना दिसणार, आणि मग मूळ हेतूच गेला. मी म्हटलं लाइटबिल सारखं वाटायचं, आणि वरचं जे काय येईल ते घरभाड्यात माझं. शिष्टाचार म्हणजे माझ्या मते हेच, की ज्याला काही अडचण आहे त्याला ती चारचौघींत मोकळी करून दाखवावी लागू नये.

नर्सच्या बाबतीत मात्र उघड बोलावं लागलं, कारण कोविडच्या नंतरचे दिवस होते आणि दोघींनी स्पष्टच सांगितलं की हॉस्पिटलचा युनिफॉर्म आमच्या मशीनमध्ये नको. मी त्यांना नावं ठेवणार नाही, त्या वेळी सगळेच घाबरलेले होते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने नर्सेसना युनिफॉर्म घरच्या मशीनमध्ये धुण्याबद्दल सूचना दिलेल्या आहेत, त्यात साठ अंशावर दहा मिनिटं धुतलं की जवळजवळ सगळे जंतू जातात असं आहे. आमची नर्स स्वतःच म्हणाली, काकू मी युनिफॉर्म वेगळाच टाकीन, साठवर, आणि ड्रम अर्धाच भरीन म्हणजे पाणी सगळीकडे नीट फिरेल. त्यावर कोणी काही बोललं नाही. नंतर त्याच दोघींतली एक तापाने पडली तेव्हा रात्री तिच्याजवळ ही नर्सच बसली होती, पण ते वेगळं.

माझा भाचा स्वीडनला असतो, तिथल्या बिल्डिंगमध्ये तळघरात सगळ्यांची मिळून एक धुण्याची खोली असते. भिंतीवर बोर्ड, प्रत्येक घराचं एक छोटं कुलूप, आपल्याला हवा त्या तारखेच्या आणि वेळेच्या भोकात ते कुलूप लावायचं की ती वेळ आपली. जाताना फिल्टरमधलं जावळ, म्हणजे कपड्यांचे सुटलेले मऊ धागे, काढायचं, लादी पुसायची. आणि वेळ चुकवली, जावळ ठेवलं की कोणीतरी रागाची चिठ्ठी चिकटवून जातं, त्या चिठ्ठ्या तिथे म्हणे फार प्रसिद्ध आहेत, एरवी तोंडावर काही न बोलणारी माणसं तिथे मनसोक्त लिहितात. स्वित्झर्लंडमध्ये तर बऱ्याच बिल्डिंगींत रविवारी मशीन लावायचंच नाही, शांततेचा दिवस. मी आमच्याकडे बोर्ड करून बघितला. चालला नाही, कारण आमच्याकडे वेळ पाणी ठरवतं. शहराला पाणी आजव्याचं आणि मही नदीचं, आजवा सरोवर तर सयाजीराव महाराजांच्या काळातलं, पण नळाला ते सकाळी ठरावीक वेळच येतं, मग खालच्या टाकीत, मग मोटरने वर. वरची टाकी रिकामी असेल तर मशीन पाण्याची वाट बघत बसतं आणि एरर दाखवतं. आणि नर्सची ड्यूटी दर आठवड्याला बदलते. त्यामुळे कुलपाचा बोर्ड नाही, एक खडूची पाटी आहे, लावताना नाव आणि किती वाजता संपणार ते लिहायचं. चिठ्ठी मात्र मी कधीच चालवून घेतली नाही. लिहायचं नाही, दारावर टकटक करून बोलायचं. लिहिलेलं राहतं, दहा जणी वाचतात, आणि नंतर राग गेला तरी कागद चिकटलेला असतो.

धुणं झालं तरी वाळवणं राहतंच, आणि अगाशीवरच्या दोऱ्या पण सामायिकच. मे महिन्यात प्रश्न नाही, बेचाळीस-त्रेचाळीस अंशात तासाभरात पापड होतात, उलट रंग उडू नये म्हणून लगेच काढायची घाई. पण एक दोरी मी मुद्दाम वेगळी बांधून घेतली, शेजारच्या गच्चीवरून दिसणार नाही अशी, टाकीच्या मागे, भरपूर उन्हात. आतले कपडे ओढणीखाली लपवून वाळत घालायची जी सवय मुलींना लावलेली असते ना, ती मला बघवत नाही. जो कपडा सगळ्यात कोरडा आणि उन्हात तापलेला हवा तोच सगळ्यात दमट राहतो, आणि मग खाज, मग मलमं, मग लाज. त्या दोरीवर कोणीही काहीही उघडं वाळत घालावं, वरून काही झाकायचं नाही. उत्तरायणच्या आदल्या दिवशी सगळ्या दोऱ्या सोडाव्या लागतात, चौदा आणि पंधरा जानेवारी अगाशीवर पतंग आणि माणसं, तेव्हा कपड्यांना जागा नाही. नवरात्रात तर नऊ दिवस सकाळी मशीनवर रांग, सगळ्या रात्री दोनला आलेल्या, घामाने भिजलेल्या. चणियाचोळी मशीनमध्ये नाही, आभल्याची, म्हणजे आरसे लावलेली, तर नाहीच नाही, फक्त आतले सुती कपडे, आणि त्या नऊ दिवसांत एकीने एकच लोड. ऑफिसवालीला आधी.

२०२४च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीला पूर आला. समा, अकोटा, सयाजीगंज, कितीतरी भागांत घरांत पाणी, मगरी रस्त्यावर आल्याचे व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. आमचा भाग उंचावर, वाचला. लाइट नीट आली तसं वरच्या मुलींच्या ओळखीतल्या, ऑफिसातल्या, कोणाची मैत्रीण, कोणाची मामी, पोती भरभरून कपडे घेऊन यायला लागल्या. चिखलाचे कपडे थेट मशीनमध्ये टाकले असते तर फिल्टर आणि पंप दोन्ही गेले असते, म्हणून आधी चोकडीत बसून पाइपने चिखल काढायचा, दोनदा, पाणी स्वच्छ येईपर्यंत, मग मशीन. मुलींनी आपापले कपडे आठवडाभर बाजूला ठेवले, कोणी सांगितलं नाही. कोणाचे कपडे कोण पिळतंय याचा पत्ता नव्हता, आपली बादली-परकी बादली काही नाही, एका अनोळखी आजोबांची धोतरं आमच्या फाइन आर्ट्सवालीने चार वेळा खळबळली आणि तरी पिवळसर राहिली म्हणून हळहळली. त्या आजोबांच्या सूनबाई कपडे न्यायला आल्या तेव्हा घड्या बघून रडायलाच लागल्या. जिचं सगळं घर पाण्यात गेलंय तिला बादली ठेवली होतीस का असं कोण विचारणार. तेव्हा आमचे सगळे नियम बाजूला राहिले आणि ते बरोबरच झालं.

नियम परत सुरू झाले तेव्हा एक वाद झाला, तो सांगायलाच हवा. वरचा मजला झाडायला-पुसायला ज्या बेन येतात त्यांचं एका खोलीचं घर, पावसात कपडे वाळत नाहीत, लहान मुलाचा शाळेचा गणवेश एकच. त्यांनी भीत भीत विचारलं, धुऊन आणते, फक्त स्पिन करून घेऊ का. मी म्हटलं घ्या ना. यावर एका मुलीने माझ्याकडे येऊन हायजीनचा मुद्दा काढला. मला राग आला, आणि मी तो लपवला नाही. म्हटलं, मशीनचं रबर दर शनिवारी कोण पुसतं? फिल्टरमधले तुमचे केस, तुमचं जावळ कोण काढतं? ज्या हातांनी तुमची घाण निघते त्या हातांचे कपडे तुमच्या कपड्यांच्या मागून ड्रममध्ये गेले तर काय होतं? ती गप्प झाली. पटलं की नाही मला माहीत नाही, पण बेनचं नाव तेव्हापासून पाटीवर लिहिलं जातं, गुजरातीत, त्यांच्याच हाताने, आणि ज्या जागी नंबर येईल त्या जागी. सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्या वेळात नाही. आणि नुसतं स्पिन नाही, पूर्ण लोड.

सध्या गाडी अडलीय ती ड्रायरवर. दोन मुली म्हणतात आपण सगळ्या मिळून ड्रायर घेऊ, पावसाळ्यात चार-चार दिवस कपड्यांना तो कोंदट वास येतो तो जाईल. माझं म्हणणं अगाशीच्या अर्ध्या भागावर पत्रा घालू, दोन्ही बाजू उघड्या, वारा खेळता राहील, लाइटबिलही नाही आणि जुन्या वायरिंगवर भारही नाही. नर्स म्हणते काकू तुमचं बरोबर आहे, पण मी नाइट करून दिवसा झोपते, सर आली तर माझे कपडे आत कोण घेणार. तिचा मुद्दा खरा आहे आणि त्यावर मला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही. कारण आत घ्यायचे म्हणजे परत तेच, दुसऱ्याचे कपडे, आणि दोरीवर बादली ठेवता येत नाही. एकीने सुचवलंय की चिमट्यांचे रंग ठरवू, हिरवा चिमटा म्हणजे खुशाल काढा, लाल म्हणजे राहू द्या, भिजले तरी चालतील. मला हे आवडलंय. या रविवारी मंगळबाजारला जाऊन दोन्ही रंगांचे चिमटे घेऊन येणार आहोत, पत्रेवाल्यालाही मोजमाप घ्यायला बोलावलंय, आणि ड्रायरचं काय ते गणपतीच्या आत ठरवायचंय, कारण एकदा नवरात्र लागलं की कोणी हाताशी लागणार नाही.